स्तुतीची भट्टी

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २७:२१, प्रेषितांची कृत्ये १४:८-२०



भट्टी म्हणजे काय, हे भिलाई नगरीत राहणाऱ्या कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या शहराचे उठणे-बसणे, पाळ्या बदलणे, मुलांची लग्ने ठरणे, सारे त्या अग्नीभोवती फिरत आले आहे. खनिज वितळते, लोखंड जड म्हणून तळाशी राहते आणि मळ हलका म्हणून वर तरंगतो. कारखान्यातील माणसे त्याला स्लॅग म्हणतात. प्रथम दृष्टीस पडतो तो हा वरचा मळ. लोखंड त्याच्याखाली असते.

नीतिसूत्रकाराने अशाच एका अग्नीकडे पाहून मानवी जीवनाविषयी विलक्षण विधान केले आहे. रुप्याची परीक्षा मुशीत होते, सोन्याची भट्टीत होते, एवढे सांगून तो मनुष्याकडे वळतो. मनुष्याची परीक्षा कशात होते? आपण चटकन म्हणू, संकटात, निंदेत, दारिद्र्यात. शास्त्र म्हणते, मनुष्याला जी स्तुती मिळते तीत. निंदेने माणूस पोळतो, हे आपणांस ठाऊक आहे. स्तुतीने तो वितळतो, इकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आणि एकदा वितळला की त्याच्या आत काय होते ते वर येतेच.

आजच्या युगात या भट्टीचे सर्वांत मोठे दार आपल्या दिवाणखान्यात उघडलेले आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एखादा चेहरा येतो, वर्ष-दोन वर्षांत घरोघरी त्याचे नाव होते. मग एके दिवशी त्याच पडद्यावर त्याच्याविषयी काही अनुचित वार्ता येते, आणि ज्या घराने त्याला डोक्यावर घेतले तेच घर त्याला पायदळी तुडविते. आपण याला नटनट्यांचे प्रकरण म्हणून सोडून देतो. परंतु त्या भट्टीत कोळसा कोण घालतो, याचाही विचार प्रभूच्या लोकांनी केला पाहिजे.

लुस्त्र नगरात घडलेली घटना आठवा. जन्मापासून पांगळा असलेला मनुष्य पौलाच्या शब्दाने उठून चालू लागला. लोकसमुदायाने ते पाहिले आणि एका क्षणात निर्णय दिला की, देव मनुष्यरूपाने आपल्यामध्ये उतरले आहेत. बर्णबाला त्यांनी झ्यूस ठरविले. पौल बोलण्यात पुढे, म्हणून तो हर्मीस. पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपाशी आला. प्रेषितांनी वस्त्रे फाडली, ते गर्दीत धावले, आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगितले, तरी त्या लोकांना यज्ञापासून परावृत्त करणे जड गेले. पुढे काय झाले? अंत्युखिया आणि इकुन्या येथून काही जण आले, त्यांनी समुदायाचे मन वळविले, आणि ज्या हातांत माळा होत्या त्याच हातांत धोंडे आले. पौलाला दगडमार करून, तो मेला असे समजून, त्यांनी त्याला नगराबाहेर ओढत नेले. पौलाचे अपंगाला बरे करणे सकाळी खरे होते आणि सायंकाळीही खरेच होते. समुदायाला मात्र त्याला देव मानायला फारसा पुरावा लागला नव्हता, आणि त्याला मारायलाही लागला नाही.

आपल्या देशाने हे दृश्य पाहिले आहे. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली, आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’. रविवारची सकाळ ही त्यांची वेळ. (उपासनेच्या घंटेचीही वेळ बहुधा तीच, आणि उशिरा येणाऱ्यांना कारण विचारण्याची गरज त्या वर्षांत पडत नसे.) लोक दूरदर्शन संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. त्यांच्या श्रद्धेची टवाळी करण्याचे आपल्याला कारण नाही. विचार करावयाचा तो पडद्यामागील माणसाचा. सीतेची आणि रावणाची भूमिका करणारे दोघेही कलावंत १९९१ साली गुजरातमधून लोकसभेवर निवडून गेले. ‘महाभारता’त श्रीकृष्ण झालेले नीतीश भारद्वाज हे तर आपले मराठी गृहस्थ, शिक्षणाने पशुवैद्य. १९९६ साली ते भिलाईसारख्याच दुसऱ्या पोलादनगरीतून, जमशेदपूरहून, खासदार झाले. तीन वर्षांनी मध्य प्रदेशातील राजगढ येथे त्यांचा पराभव झाला. पुढे २०१३ साली त्यांनी ‘पितृऋण’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. या क्रमात निंद्य असे काहीच नाही. पण मुकुट घातलेल्या तरुणाला जे प्रेम मिळाले त्यातील किती त्याचे स्वतःचे आणि किती मुकुटाचे, हा हिशोब त्याला आयुष्यभर एकट्याने करावा लागला असेल. हार घालणारे तो हिशोब करीत नाहीत.

या विषयाचा खरा गुंता मात्र आपल्या महाराष्ट्रात, अलीकडच्या एका घटनेत दिसला. डॉ. अमोल कोल्हे हे वैद्यकीय पदवीधर. २००८ साली सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ या मालिकेत ते छत्रपती शिवाजी महाराज झाले, आणि २०१७ ते २०२० या काळातील ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेत छत्रपती संभाजी महाराज. २०१९ साली शिरूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. मग जानेवारी २०२२ मध्ये ‘व्हाय आय किल्ड गांधी’ नावाचा एक चित्रपट प्रदर्शित होणार असल्याची बातमी आली, आणि त्यात नथुराम गोडसेची भूमिका डॉ. कोल्हे यांनी केली असल्याचे उघड झाले. चित्रीकरण २०१७ सालचे होते. महाराष्ट्रभर गदारोळ माजला. त्यांच्याच पक्षाचे जितेंद्र आव्हाड यांनी विरोध केला, तर पक्षाध्यक्ष शरद पवार यांनी कलावंताने भूमिका केली म्हणून तो विचार त्याचा होत नाही, अशी बाजू घेतली. डॉ. कोल्हे यांनी दुखावलेल्यांविषयी दिलगिरी व्यक्त केली आणि महिनाअखेरीस आळंदीला इंद्रायणीकाठी जाऊन आत्मक्लेश केला.

या प्रसंगी दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले त्यातील बरेचसे राजकारण होते. ते राजकारणाकडे सोडू. ख्रिस्ती मनुष्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. भूमिका म्हणजे पाप काय? आपल्याच मंडळ्यांकडे पाहा. वसईत, गोव्यात, अहमदनगरकडे उत्तम शुक्रवारच्या सुमारास दुःखसहनाची नाट्ये होतात. त्यांत कोणीतरी यहूदा व्हावेच लागते, कोणीतरी पिलात, कोणीतरी चाबूक मारणारा शिपाई. यहूदा झालेल्या तरुणाला त्यानंतर कोणी प्रभुभोजनापासून दूर ठेवीत नाही. उलट ते काम मन लावून करणाऱ्याचे कौतुकच होते, कारण यहूदाची काळोखी गडद झाल्याखेरीज प्रभूची प्रीती प्रेक्षकाला उमगत नाही. तेव्हा भूमिका कोणाची, हा प्रश्नच अपुरा. नाटक सगळे मिळून कोणत्या सत्याकडे बोट दाखविते, हा पुरा प्रश्न. यहूदाला नायक करून त्याच्या तीस रुप्यांना देशकार्य म्हणणारे नाटक कोणी लिहिले, तर त्यात शिपायाचे काम करणाऱ्यालाही आपला चेहरा कशाच्या सेवेत देत आहोत याचे उत्तर द्यावे लागेल. सर्व गोष्टींची मोकळीक आहे, पण सर्व गोष्टींनी उन्नती होत नाही, अशा अर्थाचे पौलाने करिंथकरांस लिहिले, ते व्यवसायाच्या निवडीलाही लागू पडते.

आणि समुदायाविषयीही बोलावे. संभाजी महाराजांच्या वेषातील चेहरा पाहून ज्यांनी डोळे पुसले, त्यांच्यापैकीच अनेकांनी दुसऱ्या वेषातील तोच चेहरा पाहून मुठी आवळल्या. दोन्ही वेळा त्यांनी वेषालाच माणूस मानले होते. लुस्त्रकरांची चूक तीच होती. इंद्रायणीकाठी बसलेल्या मनुष्याच्या अंतःकरणात काय होते ते परमेश्वर जाणतो. त्याचा निवाडा करणे आपले काम नव्हे. एवढे म्हणता येईल की, स्तुतीच्या शिखरावर असताना पूर्वीच्या एका निवडीचे उत्तर देण्यासाठी खाली उतरून बसणे ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनात विरळ आहे.

वेष आणि माणूस यांची गल्लत कधी कधी विनोदी असते. निळू फुले यांनी चित्रपटांतून दुष्ट पाटील आणि सरपंच इतके हुबेहूब उभे केले की, गावोगावच्या स्त्रिया त्यांचा तिटकारा करीत, आणि ते त्याला आपल्या कामाची पावती मानीत. प्रत्यक्षात हा मनुष्य राष्ट्र सेवा दलातून घडलेला, सामाजिक कार्याला हातभार लावणारा. २००९ साली ते वारले तेव्हा महाराष्ट्राने एका सज्जनाला निरोप दिला.

परंतु ही गल्लत उलट दिशेने झाली म्हणजे विनोद उरत नाही. २०१८ साली आपल्या देशातील अनेक स्त्रियांनी, चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातीलही, आपणांवर झालेल्या अत्याचारांविषयी तोंड उघडले. पडद्यावर वर्षानुवर्षे सोज्ज्वळ, संस्कारी वडील म्हणून वावरलेल्या एका ज्येष्ठ नटावरही आरोप झाला. त्याने तो नाकारला. निवाडा देणे या पानांचे काम नव्हे, म्हणून नाव घेत नाही. पण त्या दिवसांत घराघरांतून जे एक वाक्य ऐकू येत असे त्याचा अर्थ असा की, इतका सालस दिसणारा माणूस असे करणे शक्यच नाही. दिसणे हाच पुरावा! बंधुभगिनींनो, हे वाक्य आपल्या मंडळ्यांतही बोलले जाते. व्यासपीठ हाही एक पडदाच आहे. पांढऱ्या झग्यातील, गोड गळ्यातील, डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या मनुष्याविषयी एखादी मुलगी रडत काही सांगू लागली, तर तिला गप्प बसविण्यास आपण किती तत्पर असतो!

पवित्र शास्त्राने या बाबतीत दोन वाटा दाखविल्या आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळता कामा नयेत. नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या तंबूत उघडा पडला. हामाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत गेले आणि त्यांनी पित्याला झाकले. नोहाने त्या दिवशी कोणाचे घर लुटले नव्हते. त्याची ती लज्जा त्याच्यापुरती होती, आणि ती चव्हाट्यावर नेणे हेच हामाचे पातक. दाविदाची गोष्ट वेगळी. तेथे उरीयाचे घर उद्ध्वस्त झाले होते, एक मनुष्य युद्धात मुद्दाम मारविला गेला होता. तेथे नाथान वस्त्र घेऊन पाठमोरा चालत आला नाही. तो समोरून आला, त्याने मेंढीचा दृष्टांत सांगितला आणि राजाच्या तोंडावर बोट रोखले. ज्या पापात दुसऱ्याची मेंढी मारली गेली आहे ते झाकणे म्हणजे शेमाची माया नव्हे. आपण बहुधा उलटेच करतो. कोणा नटीचा संसार मोडला, कोणी कोणाबरोबर कोठे दिसले, एवढ्यावर चहाच्या दोन फेऱ्या होतात, आणि जेथे खरोखर कोणी चिरडले गेले तेथे आपण सभ्यपणे विषय बदलतो.

आता भिलाईजवळच्याच एका स्त्रीची कथा सांगतो. तिचे नाव या भागात लहान मुलालाही माहीत आहे. गनियारी गावच्या तीजनबाई. पारधी समाजात जन्मलेली ही मुलगी आजोबा ब्रिजलाल यांच्या तोंडून महाभारताची कथा ऐकत वाढली. छत्तीसगढात पंडवानी गाण्याच्या दोन रीती आहेत. वेदमती रीतीत बसून गातात, कापालिक रीतीत उभे राहून, हावभावांसह. स्त्रियांनी गायचे ते बसूनच, उभे राहून गाणे पुरुषांचे, असा संकेत होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी शेजारच्या गावात पहिला जाहीर कार्यक्रम केला, आणि त्याची बिदागी दहा रुपये होती, असे सांगतात. समाजाने हा निर्लज्जपणा ठरविला. त्यांना वाळीत टाकले. एक झोपडी उभारून, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी आणि धान्य उसने आणून त्या एकट्या राहिल्या. पण त्यांनी गाणे टाकले नाही.

पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांची दृष्टी त्यांच्यावर पडली. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली, आणि तिच्या महाभारतावरील भागांत हातातील तंबोऱ्याची कधी गदा, कधी धनुष्य करणारी ही स्त्री साऱ्या देशाने पाहिली. भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी होती. १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण. ज्या गळ्यामुळे गावात तोंड दाखविण्याची चोरी झाली, त्याच गळ्यामुळे गावाचे नाव जगात गेले.

ही कथा यशाची म्हणून सांगत नाही. पुरस्कार मिळाले नसते तर तीजनबाई चुकीच्या ठरल्या असत्या काय? समाजाने वाळीत टाकले त्या दिवशी त्यांच्या हाती पद्मविभूषण नव्हते. एक तंबोरा आणि उसनी भांडी होती. त्या दिवशीही त्या तेवढ्याच खऱ्या होत्या. बदनामी झाली म्हणून मनुष्य वाईट ठरत नाही, हे आपण त्यांच्या झोपडीपाशी उभे राहून शिकावे. त्यांची श्रद्धा आपली नाही. पण आपल्याला दिलेला गळा मातीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत वाचताना अशी माणसे आठवली तर ते वावगे नव्हे.

गनियारीहून फार दूर जावे लागत नाही. नागपूरहून येणारी आगगाडी दुर्गला पोहोचण्यापूर्वी राजनांदगाव लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तेथे नोकरीसाठी निघालेल्या एका मराठी कवीला याच लोहमार्गावर एका गोऱ्या सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. ते नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि एका दिवसात त्यांचे नाव त्यांच्या समाजाच्या दृष्टीने मातीमोल झाले. नातलग तुटले. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या. त्या काळातील दुःख, अपमान आणि मधूनमधून डोकावणारा त्यांचा खट्याळ विनोद ‘स्मृतिचित्रे’त आपण वाचला आहे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि ९ मे १९१९ रोजी ते प्रभुघरी गेले. बहिष्कृत ठरलेल्या त्या घराची कथा नंतर विजया मेहता यांनी दूरचित्रवाणीच्याच माध्यमातून मराठी घरांत आणली, आणि सुहास जोशी यांच्या रूपाने लक्ष्मीबाई ख्रिस्तेतर कुटुंबांच्याही माजघरात जाऊन बसल्या. पडद्याला नावे ठेवताना हेही विसरू नये.

तेव्हा आपल्या तरुणांना काय सांगावे? हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. अनुराग बसू हे याच भिलाईत जन्मले आणि दूरचित्रवाणी मालिकांच्या दिग्दर्शनातून वर आले. येथील मुलामुलींना ती वाट दिसते. मंडळीच्या गायकवृंदात वाढलेला गळा उद्या गाण्याच्या स्पर्धेत जाईल, नाताळच्या नाटकातील मेंढपाळ मालिकेत जाईल. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, हे क्षेत्रच अमंगळ आहे, तेथे पाऊल नको. मला हे मान्य नाही. दानीएल बाबेलच्या दरबारात गेला, तेथली भाषा आणि विद्या शिकला. दरबाराने त्याला बेल्टशस्सर हे नवे नावही दिले. ते त्याने सहन केले. राजाच्या ताटातले अन्न मात्र खाल्ले नाही. कोठे हो म्हणायचे आणि कोठे नाही, हे त्याने दरबारात नाव होण्यापूर्वीच ठरविले होते. नाव झाल्यानंतर ठरवू म्हणणाऱ्याला ठरविता येत नाही, कारण तोवर तो भट्टीत असतो. करार करताना, पहिला पैसा हाती येण्यापूर्वी, आईबापांनी आणि पाळकांनी मुलाजवळ बसून हे बोलले पाहिजे : कोणते काम नाकारशील, रविवारचे काय, मालिका संपली आणि रस्त्यावर कोणी ओळखेनासे झाले म्हणजे तू कोण असशील? आपल्याकडे यांपैकी काहीच विचारले जात नाही. प्रथम पेढे वाटले जातात, आणि काही विपरीत घडले की, आम्हांला आधीपासूनच वाटत होते, असे म्हटले जाते.

या जिभेविषयी याकोबाने फार कठोर लिहिले आहे. भिलाईच्या वसाहतीत एका सेक्टरातील वार्ता दुसऱ्या सेक्टरात पोहोचायला एक पाळी बदलण्याइतकाही वेळ लागत नाही. आता तर खिशातील दूरध्वनी तेही अंतर ठेवीत नाही. प्रभूने सांगितलेला क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे : प्रथम एकट्याने, एकांतात, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. वार्तावाहिन्यांचा क्रम याच्या नेमका उलट असतो. प्रथम सर्वांपुढे, आणि त्या मनुष्याशी कधीच नाही. आपल्या मंडळीचा क्रम कोणता, हे ज्याने त्याने तपासावे. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा न्यायालयापुरती दिलेली नाही. जे आपण पाहिले नाही ते, पाहिल्यासारखे, पुढे पाठविणे हीसुद्धा साक्षच आहे.

आणि प्रभूचे स्वतःचे नाव? खादाड, दारूबाज, जकातदारांचा आणि पापी जनांचा मित्र. यांतील शेवटचे खरे होते, आणि ते त्याने कधी नाकारले नाही. रविवारी ज्यांनी झावळ्या पसरल्या त्यांच्याच नगरात शुक्रवारी आरोळी उठली. व्यभिचारात धरलेली स्त्री त्याच्यापुढे उभी केली गेली तेव्हा सर्वांचे डोळे तिच्यावर होते; तो एकटा खाली वाकून जमिनीवर लिहीत राहिला. तिच्याकडे न पाहणारा असा त्या अंगणात तो एकच होता. मग धोंडे टाकून एकेक जण निघून गेला, आणि त्यानंतर त्याने मान वर करून तिच्याशी बोलणे केले. तिचे पाप त्याने पुण्य ठरविले नाही. पण ते बोलणे झाले तेव्हा प्रेक्षक उरले नव्हते.

लुस्त्राची गोष्ट अर्धीच सांगितली. मेला असे समजून टाकलेल्या पौलाभोवती शिष्य जमले, तेव्हा तो उठला. कोठे गेला? पुन्हा त्याच नगरात. दुसऱ्या दिवशी तो बर्णबाबरोबर दर्बेस गेला आणि तेथील काम आटोपल्यावर परत लुस्त्रास आला. माळा आणणाऱ्यांविषयी वा धोंडे उचलणाऱ्यांविषयी त्याने एक शब्द बोलल्याची नोंद नाही; शिष्यांना धीर देऊन तो पुढे गेला. काही काळाने तो तिसऱ्यांदा तेथे आला. त्या वेळी त्याला एक तरुण भेटला. आई विश्वास ठेवणारी यहूदी, वडील ग्रीक. नाव तीमथ्य. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात त्याची ओळख करून देताना लूक लिहितो की, लुस्त्र आणि इकुन्या येथील बंधुजन त्याच्याविषयी चांगले बोलत असत.